नऊनंतरची उडी

गुंडा शेवाळे माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही. चव्वेचाळीस वर्षांचा, लष्करातून हवालदार होऊन घरी परतलेला माणूस. पण मी दिसलो की उठून उभा राहायचा आणि मी बसलो की खाली पायरीवर टेकायचा. मी त्याला चौथीत शिकवलं होतं, एवढंच कारण. त्याची ही सवय मला मनातून आवडायची. आता ती आठवली की मान खाली जाते, कारण तिचा मी एकदा फायदा घेतला.

चौथीत त्याला सतराच्या पुढचे पाढे यायचे नाहीत. पण शाळेची घंटा द्यायचं काम त्याच्याकडे असलं की घंटा अगदी ठरल्या मिनिटाला वाजायची. अठराव्या वर्षी तो भरती झाला. शिराळ्याच्या आसपासच्या आमच्या वाड्यांमधून घरटी एक माणूस पलटणीत असतो, त्यात नवल नव्हतं. नवल पुढं झालं. काश्मीरमध्ये जवानांना बर्फावर चालायला आणि घसरायला शिकवतात तिथं त्याला पाठवलं. उसाच्या रानात वाढलेला हा मुलगा स्कीवर असा काही उभा राहिला की त्याला तिथंच शिक्षकांचा मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. सहा हिवाळे त्यानं तिथं काढले.

एका मे महिन्यात हिमाचलातल्या कुठल्याशा खिंडीत, जिथं उन्हाळ्यातही बर्फ टिकतं, त्यानं शाळकरी मुलांचं शिबिर पाहिलं. मुलं उतारावरून भरधाव येत, उंचवट्यावरून हवेत उडत, वरच्यावर पाय फाकवत, गिरकी घेत आणि पुन्हा बर्फावर उतरत. या प्रकाराला फ्रीस्टाइल म्हणतात.

"गुर्जी, पोरं हवेत हसत हुती," तो मला सांगायचा. "खाली उतरल्यावं सगळीच हसत्यात. ही वर असतानाच हसायची."

निवृत्त होऊन आल्यावर त्यानं आमच्या वाडीत असं शिबिर काढायचं ठरवलं. बर्फाचा प्रश्न त्यानं उसावर सोडवला. ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पानांचा थर उरतो, त्याला आम्ही पाचट म्हणतो. बहुतेक लोक ते पेटवून देतात. गुंडा मार्चपासून दारोदार फिरून सांगायचा, "पेटवू नगा, मला द्या." गावाच्या वर गायरानाचा लांब उतार आहे. त्यावर तो हातभर जाडीचं पाचट अंथरायचा. खाली लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकून केलेला चढ, आणि त्याच्यापुढं उतरायला कारखान्यातून आणलेला बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा भुसा, चांगला पुरुषभर उंच. सांगाडा आणि मुलांच्या आखूड स्की शमशेर मुल्लानं बनवल्या होत्या. शमशेर मूळचा वाडीचा, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेशनचं काम करतो. प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या तापवून त्यानं त्यांची टोकं वर वळवली होती. बूट म्हणजे शाळेचे कॅनव्हासचे, आणि ते बांधायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे.

पहिल्या वर्षी गावात हसू झालं. फ्रीस्टाइल म्हटल्यावर आमच्याकडं कुस्तीच डोळ्यापुढं येते. दोन बापांनी पोरं लंगोट देऊन पाठवली होती. पण चौथ्या वर्षी अठरा मुलं होती आणि त्यांतल्या सात मुली. सगळ्यांत सरस होती ती शमशेरची रुमाना. तेरा वर्षांची, काटकुळी. शाळा कुपवाडला, पण मे महिनाभर आजीकडं, सुगराबींकडं यायची. हात पाय पसरून हवेत उडायच्या प्रकाराला मुलांनी 'गरुड' नाव दिलं होतं. रुमानाचा गरुड बघायला गुराखी खाली येऊन बसायचे.

शिबिराला गुंडाचा एकच कडक नियम होता. नऊ वाजले की बंद. पहाटे पाचटावर पाणी मारलं की पानं एकमेकांना चिकटून बसतात आणि स्की बेताबेतानं घसरते. ऊन चढलं की तीच पानं वाळून गुळगुळीत होतात आणि वेग दीडपट होतो. हे त्यानं मला नुसतं सांगितलं नव्हतं. एकदा सकाळी सात वाजता त्यानं माझा तळहात पाचटावर ठेवून "फिरवा" म्हटलं. हात अडकत होता. दहाला पुन्हा त्याच जागी नेलं. हात सटकन पुढं गेला.

"कळलं?" त्यानं विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. मला खरंच कळलं होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

गेल्या वर्षी शिबिराचा समारोप थाटात करायचं मी मनावर घेतलं. गुंडाच्या मनात एकच इच्छा होती, की आपलं एक तरी पोर खऱ्या बर्फावर उतरावं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं मी क्रीडा क्षेत्रातल्या एका मोठ्या पदाधिकाऱ्यांना मुख्य पाहुणे म्हणून बोलावलं. त्यांनी मनात आणलं तर डिसेंबरच्या हिमाचलातल्या शिबिराला दोन मुलांची नावं जाऊ शकत होती. वेळ ठरली सकाळी साडेसातची.

साडेसातला मुलं रांगेत तयार होती. मी फेटे बांधणाऱ्याला बोलावलं होतं. शाल, नारळ, फलक सगळं होतं. आठ वाजता पाहुण्यांचा फोन आला, "निघालोच." नऊला मी केला, तेव्हा मागं बँडचा आवाज येत होता. मे महिना, इस्लामपूरला त्यांना तीन लग्नं होती.

नऊ वाजता गुंडानं शिट्टी वाजवली आणि मुलांना स्की सोडायला सांगितलं. मी त्याच्याकडं गेलो.

"अरे, पाहुणे यायचेत."

"येऊ द्या की गुर्जी. नारळ देऊ, भाषन ऐकू. पोरं न्हाई उडायची."

"मग ते बघणार काय? पाचटाचा ढीग?"

"मोबाइलवर दावू. पूजानं शूटिंग केलंय." पूजा त्याची मुलगी.

"मोबाइलवर बघून कोणी नाव पाठवत नाही, गुंडा."

त्यानं पाचट मुठीत घेऊन चुरगाळलं. मग म्हणाला, "पानी मारता आलं असतं तर गोष्ट येगळी. शेतीची लाईट ह्या आठवड्यात रात्रीची हाय. पाचलाच गेली. आता रातच्याला दहाला यील."

पाहुणे पावणेबाराला आले. मुलं सावलीला बसून बसून पेंगुळली होती. पाहुणे घाईत होते. फेटा बांधून घेताना त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, एखादी उडी दाखवा, म्हणजे मला सांगायला बरं."

मी गुंडाला बाजूला घेतलं. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "एकच उडी. रुमानाची. ती सराईत आहे. एवढा मोठा माणूस आलाय, त्याला हात हलवत परत पाठवायचा का?"

"गुर्जी, पाचट तापलंय."

"चार घागरी पाणी टाक वरून."

"चार घागरीनं काय हुतंय?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "गुंडा, मी तुला आजवर कधी काही मागितलं नाही. गुरुजींचा एवढा शब्द राख."

 तो वळून उतार चढायला लागला. त्यानं स्वतः घागरी आणून वरच्या टप्प्यावर ओतल्या. रुमानाचे पट्टे दोनदा तपासले. तिच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर मला कळलं, त्यानं सांगितलं होतं, "भ्या वाटलं तर खाली बस, उडू नगंस. कुनी कायबी म्हननार न्हाई."

ती बसली नाही. पाहुण्यांसमोर कोण बसेल? खाली येताना तिचा वेग मला खालून दिसत होता आणि तो मला ओळखीचा नव्हता. तिनं गरुड केला, अगदी नीट केला. टाळ्याही पडल्या. पण ती भुशाच्या ढिगावरून सरळ पलीकडं गेली आणि माळाच्या कडक जमिनीवर उतरली.

गुडघ्याखाली पाय दोन ठिकाणी मोडला होता. गुंडानं तिच्याच स्कीला पाय बांधून आधार दिला. पाहुण्यांनी आपली गाडी लगेच दिली, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गुंडानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो तिला सतराचा पाढा म्हणायला लावत होता. चुकली की म्हणायचा, "मलाबी येत न्हवता. पुन्यांदा म्हन."

शमशेर कुपवाडहून टू-व्हीलरवर आला. अंगावर कामाचेच कपडे, हाताला काळं.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. गुंडा माझ्या आधी बोलला. "माझी चूक हाय, शमशेर. टाइम टळून गेल्ता. मी सोडाय नगं हुती."

शमशेर माझ्याकडं वळला, म्हणजे मी काही सांगेन म्हणून. मी म्हणालो, "डॉक्टर चांगले आहेत."

माझं गप्प बसणं तिथून सुरू झालं. त्या दिवशी वाटलं, आत्ता ही वेळ नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, तेव्हाही वेळ नव्हती. पायात सळई बसली, मुलगी घरी गेली, तेव्हा वाटलं, आता कशाला उकरायचं? मी छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. प्रत्येक दिवशी गप्प बसायला नवं कारण मिळतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

आठवड्यानं गुंडाच्या घरी गेलो. तो नेहमीसारखा पायरीवर बसला. त्याच्या बायकोनं, अंजनानं, माझ्यापुढं कप ठेवला आणि म्हणाली, "चहा दिलाय गुर्जी. आज बोलनार न्हाई मी तुमच्यासंगं."

"अगं," गुंडा म्हणाला.

"का? ह्येनी नऊचं दहा कवा केलं न्हाई. पोरीच्या लग्नाचा मुहूर्त असता तरी नऊलाच बंद केलं असतं. त्या दिशीच कसं झालं, ते मी इचारलं का कुनाला? न्हाई इचारलं. म्हनून म्हनलं, बोलत न्हाई."

ती आत गेली. गुंडा म्हणाला, "ऊन लागलंय तिला." मी चहा संपवला. तो गार झाला होता तरी संपवला.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला, गायरानाची जागा पुढच्या वर्षी शिबिराला द्यायची की नाही. आमच्या सरपंच राजेश्वरीताई माझ्याच विद्यार्थिनी. सगळ्यांत आधी बोलायला पप्पू देवकर उठला. त्याला गर्दी दिसली की स्फूर्ती येते.

"बर्फ न्हाई, पानी न्हाई, आन् गड्यानं स्की काढली. उद्या म्हनंल समुद्र न्हाई तर न्हाई, भातात जहाज चालवू."

लोक हसले. गुंडाही थोडा हसला.

"येवढं डोकं पलटणीत चालवलं असतं तर सुभेदार झाला असता," पप्पू म्हणाला. या वेळी गुंडा हसला नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्याच्या पोरीवं डाव खेळाय काय जातंय?"

हा वार खोटा होता. चार वर्षं पूजा त्याच शिबिरात उडत होती. पण गुंडा उत्तर द्यायला उठला नाही. राजेश्वरीताईंनी माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, तुम्ही तिथं होता. हवालदारांनी नियम मोडला, असं सगळे म्हणतायत. तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू."

 गुंडाचं भवितव्य त्या क्षणी माझ्या एका वाक्यावर होतं, आणि ते माझ्याइतकंच सगळ्यांना दिसत होतं. मी उठलो आणि म्हणालो, "गुंडा मनानं फार चांगला माणूस आहे. अपघात कोणाच्या हातात नसतो."

ऐकायला ते वाक्य त्याच्या बाजूचं वाटतं. मी त्यात त्याला चांगला म्हटलं आणि दोषी ठेवलं. जागा द्यायची नाही, असा ठराव झाला. शिबिर बंद पडलं; हिमाचलला नाव कोणाचंच गेलं नाही. पाचट त्या वर्षी लोकांनी पुन्हा पेटवायला सुरुवात केली. धूर आमच्या अंगणापर्यंत यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी एसटीनं सांगलीला आणि तिथून रिक्षानं कुपवाडला गेलो. शमशेरची खोली वर्कशॉपांच्या मागच्या गल्लीत आहे. रविवार होता. रुमाना दारात बसून वही लिहीत होती. मला बघून ती उठली. उजव्या पायावर भार देताना ती किंचित थांबते, मग पाऊल टाकते. ते मी पहिल्यांदाच बघितलं.

शमशेरनं खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पाचटाचं, घागरींचं, आणि 'गुरुजींचा एवढा शब्द राख' हेही. शमशेर ऐकत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, "आमाला ठाव हाय, गुरुजी."

"गुंडानं सांगितलं?"

"त्यो कसला सांगतोय? त्यो अजून मलाच माफी मागतोय. हिनं सांगितलं."

रुमाना वहीकडं बघत म्हणाली, "मी वरच सावलीला उभी होते, सर. वारा तिकडनं येत होता. सगळं ऐकू आलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"अब्बा म्हणाले, गुरुजी सांगतील."

मी शमशेरकडं बघितलं. त्यानं खांदे हलवले. "मला वाटलं, दवाखान्यात सांगशीला. मग वाटलं, ईदला आलासा तर सांगशीला. मग ग्रामसभा झाली. आमची म्हातारी हुती तिथं. तिनं फोन करून तुमचं वाक्य सांगितलं." तो पुढं म्हणाला, "पाय पोरीचा मोडला गुरुजी, त्यो डॉक्टरनं जोडला. हवालदाराचं काय केलंसा?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

निघताना रुमाना म्हणाली, "सर, आम्हाला सांगून काय उपयोग? आम्हाला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषयपत्रिकेच्या आधी परवानगी मागितली आणि उभा राहिलो.  मी सांगितलं की नियम गुंडानं मोडला नाही, मी मोडायला लावला. तो दोनदा नाही म्हणाला होता. मग मी त्याला त्याचा गुरुजी म्हणून गाठलं. ऑगस्टमध्ये याच जागी मी अर्धवट बोललो, तेही सांगितलं.   सुगराबी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि मान हलवली, एवढंच.

राजेश्वरीताई उठल्या. "गुरुजी, हे नोंदवून घेते. हवालदारांवरचा ठपका सभा मागं घेते." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण जागेचं आता जमणार नाही. तो उतार आपण डिसेंबरात सौर प्रकल्पाला दिलाय. शेतीला दिवसा वीज मिळणार आहे. खांब पुढच्या महिन्यात येतील."

सभा पुढच्या विषयाकडं गेली. पाणीपट्टी होती बहुतेक. गुंडा मागच्या दाराजवळ उभा होता. मी बाहेर आलो तसा तो माझ्याबरोबर चालायला लागला. शाळेचं वळण आलं.

"कशाला बोललासा, गुर्जी?" तो म्हणाला. "लोक इसरलं हुतं."

"तू विसरला होतास?"

 तो रस्त्याच्या कडेला थांबला. "तुमी सगळं तुमच्यावं घेतलंसा, पर ते पुरतं खरं न्हाई. तुमी म्हनलासा म्हनून मी तिला सोडली, ह्ये अर्धं. मलाबी वाटत हुतं, त्या मानसानं बघावं. चार वर्सं पाचट वाहिलं, कुनीतरी मोठ्यानं बघावं, असं माझ्याबी पोटात हुतं. तुमी म्हनला नसतासा, तर मी सोडली नसती. पर तुमी म्हनलासा तवा मला जरा बरंच वाटलं, की आता आपल्यावं न्हाई. गुर्जी म्हनलं."

एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ह्ये मी अंजनालाबी सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खरं बोलत होता की माझं ओझं अर्धं करण्यासाठी त्यानं हे तिथंच रस्त्यावर रचलं, ते मला ठरवता येत नाही. तो तसं करणारा माणूस आहे. तो तसं न करणाराही माणूस आहे. खोटं बोलताना मी त्याला चौथीपासून कधी पाहिलं नाही. हे मात्र मला नक्की माहीत आहे, की त्याचं ते बोलणं ऐकताच माझं ओझं खरंच अर्धं झालं. मला बरं वाटलं. त्याची जागा गेली, मुलांची उन्हाळी सुट्टी गेली, रुमाना अजून पाऊल टाकण्याआधी थांबते, आणि मला रस्त्यात उभं राहून बरं वाटलं.

ते त्याला सांगायला हवं होतं. पण तोवर तो "येतो गुर्जी" म्हणून आपल्या घराकडं वळला होता, आणि मी हाक मारली नाही.